पायाला भिंगरी : फुटबॉलमधल्या विंगरचा व्यवसाय कसा चालतो

फुटबॉलमधला विंगर अनिकेत जाधव मूळचा कोल्हापूरचा. जन्म जुलै २००० चा. इंडियन ॲरोज, जमशेदपूर, हैदराबाद, ईस्ट बंगाल, ओडिशा अशा पाच संघांच्या जर्सी त्यानं पंचविशी गाठण्याआधी अंगावर चढवल्या. धाराशिव जिल्ह्यात लोहारा तालुक्यातल्या सास्तूरसारख्या गावात टीव्हीवर सामना बघणाऱ्या माणसाला वाटतं, हा पोरगा एका जागी टिकत का नाही? भांडतो का? खेळ कमी पडतो का?

तसं काही नसतं. जगभरातल्या बहुतेक व्यावसायिक फुटबॉलपटूंची कारकीर्द अशीच फिरतीची असते. आयुष्यभर एकाच क्लबमध्ये राहणारे मोजके असतात, म्हणून त्यांचं नाव होतं. बाकीच्यांचं पोट करारांवर चालतं. लोहारा तालुक्यातल्या एखाद्या घरात चेंडूमागे सुसाट पळणारं मूल असेल, तर या धंद्याची घडण आईवडिलांनी आधीच समजून घ्यावी. पुढचे बरेच घाव त्यामुळे टळतात.

विंगरचं काम काय?

विंगर मैदानाच्या कडेनं, रेषेला लागून खेळतो. चेंडू मिळाला की समोरच्या बचावपटूला चकवायचं, गोलजवळ उभ्या असलेल्या सहकाऱ्याला क्रॉस द्यायचा, नाहीतर आत वळून स्वतः फटका मारायचा. उजव्या पायाचा खेळाडू डाव्या कडेला ठेवायची पद्धत हल्ली रूढ झाली आहे, कारण आत वळल्यावर त्याचा बळकट पाय नेमका गोलच्या दिशेला येतो. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला की याच विंगरला मागे धावून आपल्या बचावपटूला मदत करावी लागते.

म्हणजे सगळं काम पूर्ण वेगानं धावण्याचं, थांबण्याचं आणि पुन्हा धावण्याचं. त्यामुळे मांडीच्या मागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, वारंवार दुखावतो. विंगरची सगळी किंमत वेगात असते आणि तिशी ओलांडली की पहिल्यांदा उतरतो तो वेगच. गोलरक्षक पस्तिशीतही भरात असू शकतो. विंगरला कमाईची वर्षं कमी मिळतात, हे पालकांनी पहिल्या दिवसापासून धरून चालावं.

सास्तूरहून पहिली पायरी

धाराशिव जिल्ह्याचा खेळ खो-खो. या मातीतल्या सारिका काळे हिला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. फुटबॉलची तशी परंपरा इथं नाही. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब असे पेठापेठांचे संघ शाहू स्टेडियमवर भिडतात आणि गर्दी खच्चून भरते. तिथल्या पोराला फुटबॉल घरातच मिळतो, सास्तूरच्या पोराला तो शोधत जावं लागतं. खो-खोतली झटकन दिशा बदलण्याची सवय आणि पहिल्या दोन पावलांतला वेग मात्र विंगरला थेट उपयोगी पडतो.

सरकारी वाटा दोन आहेत. पहिली शालेय स्पर्धांची. सुब्रतो कप १९६० पासून चालू आहे. शाळेचा संघ जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत राष्ट्रीय फेरीपर्यंत जातो. दुसरी वाट क्रीडा प्रबोधिनीची. ही राज्य शासनाची निवासी योजना. तिच्या निवडीत मुलाला चेंडू किती येतो यापेक्षा अंगात काय आहे ते तपासतात : ३० मीटर धाव, ६ × १० मीटरची शटल रन, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक, ८०० मीटर धाव. ज्या गावात फुटबॉलचा प्रशिक्षक नाही तिथल्या मुलाला ही पद्धत सोयीची आहे. अनिकेतही पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतूनच पुढे आला. ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला तेव्हा तो भारतीय संघात होता. अमेरिका, कोलंबिया आणि घाना या तिन्ही संघांकडून आपण हरलो, पण त्या संघातल्या मुलांवर सगळ्या देशाची नजर पडली.

विश्वचषक संपताच अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं यातल्या बऱ्याच मुलांना इंडियन ॲरोज नावाच्या संघात घेऊन आय-लीग या व्यावसायिक स्पर्धेत उतरवलं. कोवळ्या मुलांनी दर आठवड्याला मोठ्यांशी झुंजायचं आणि त्यातून तयार व्हायचं, हा त्यामागचा विचार. अनिकेतची व्यावसायिक कारकीर्द इथून सुरू झाली. पुढे २०१९ मध्ये जमशेदपूर, २०२१ मध्ये हैदराबाद. २० मार्च २०२२ रोजी हैदराबादनं गोव्याच्या फातोर्डा मैदानावर केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, जिंकली, त्या हंगामात तो त्या संघात होता.

करार : सालगड्याचं साल, खेळाडूचा हंगाम

आपल्याकडे सालगड्याचं साल पाडव्याला फिरतं. जुना हिशेब मिटतो, नवी बोली होते, नाहीतर गडी दुसऱ्या मालकाकडे जातो. भारतीय फुटबॉलपटूचा पाडवा ३१ मे. बहुतेक करार त्या दिवशी संपतात. एवढं ध्यानात धरलं की जून-जुलैत एवढे खेळाडू क्लब का बदलतात, याचं कोडं उरत नाही.

फुटबॉलची जागतिक संघटना फिफाच्या नियमानुसार करार किमान चालू हंगाम संपेपर्यंतचा आणि जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो. खेळाडू अठरा वर्षांखालचा असेल तर तीन वर्षांहून लांब करार चालत नाही. मुलाच्या भविष्यावर कुणी लांबलचक दावा सांगू नये म्हणून ही मर्यादा आहे.

करार चालू असताना दुसऱ्या क्लबला खेळाडू हवा असेल तर आधीच्या क्लबला ट्रान्सफर फी मोजावी लागते. करार संपला की खेळाडू मोकळा, त्याच्यासाठी ट्रान्सफर फी द्यावी लागत नाही. हा हक्क १९९५ च्या एका निकालानं पक्का झाला. बेल्जियमचा खेळाडू जाँ-मार्क बोस्मान याचा करार संपला होता, तरी क्लब फीसाठी त्याला अडवत होता. युरोपीय न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. शेवटच्या सहा महिन्यांत खेळाडू पुढच्या क्लबशी आगाऊ करार करू शकतो, हा नियमही आज आहे.

तिसरा प्रकार लोनचा, म्हणजे ठरावीक काळापुरतं उसनं जाणं. मूळ करार कायम राहतो, पण खेळायचं दुसऱ्या संघाकडून. तरुण विंगरला याचा फार उपयोग होतो. मोठ्या क्लबमध्ये बाकावर बसून राहिला तर पुढच्या वर्षी त्याला विचारणार कोण? उसना गेला तर निदान मैदानावर दिसतो, आणि दिसेल त्याचीच पुढची बोली होते. हे जाणं-येणंही बेबंद नसतं. एका हंगामात तीन क्लबांकडे नोंदणी होऊ शकते, पण अधिकृत सामने साधारणपणे दोनच क्लबांकडून खेळता येतात.

क्लबच टिकत नाहीत तेव्हा

भारतातल्या फिरतीचं सगळ्यात मोठं कारण मात्र खेळाडूच्या हातात नाही. इथं क्लबच बंद पडतात. मुंबईची महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाली. मुंबई एफसी आणि पुण्याची डीएसके शिवाजियन्स २०१७ च्या सुमारास थांबल्या. पुणे सिटी गेली आणि २०१९ मध्ये तिच्या जागी हैदराबाद आली, २०२५ मध्ये हैदराबादचाही मुक्काम दिल्लीला हलला. इंडियन ॲरोज २०२२ मध्ये बंद झाली. महाराष्ट्रात शिकून तयार झालेल्या पोराला घराजवळ नोकरी द्यायला क्लब किती उरले, ते या यादीवरून कळतं.

स्टीव्हन डायस हा मुंबईचा विंगर महिंद्रमध्ये नावारूपाला आला आणि २०११ च्या आशिया चषकात भारतीय संघात होता. क्लब बंद झाल्यावर तो गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडे गेला आणि २०१४ मध्ये आयएसएलच्या पहिल्या हंगामात दिल्ली डायनामोजकडून उतरला. तो पहिला हंगाम आठ संघांचा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर एवढाच होता. त्यामुळे खेळाडू तीन महिने इथं आणि उरलेलं वर्ष आय-लीगच्या क्लबकडे खेळत. वर्षात दोन जर्सी ही तेव्हाची रीतच होती.

खुद्द लीगही डगमगू शकते. जुलै २०२५ मध्ये आयोजक कंपनी आणि महासंघ यांच्यातल्या हक्कांच्या कराराचा पुढचा मार्ग ठरेना, म्हणून आयएसएलचा नवा हंगाम थांबवून ठेवावा लागला. सामने नाहीत म्हणजे कुणाची निवड नाही आणि नवी बोलीही नाही. विंगरच्या मोजक्या वर्षांतला एकेक महिना किती मोलाचा, ते अशा वेळी कळतं.

जागा बदलली, उमर वाढली

वेग उतरू लागला की विंगरनं काय करायचं? गोव्याचा मंदार राव देसाई याचं उत्तर देतो. २०१४ पासून तो एफसी गोवाचा डावा विंगर होता. सर्जिओ लोबेरा प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी त्याला त्याच कडेला मागे, लेफ्ट-बॅकच्या जागी खेळवलं. कड तीच राहिली, धाव तीच राहिली, फक्त समोर जास्त मैदान आलं. पुढे चढताना विंगरची नजर कामी येते आणि बचाव शिकला की चेंडूशिवाय उभं राहायची शिस्त लागते. २०२० मध्ये तो लोबेरांपाठोपाठ मुंबई सिटीत गेला. त्या हंगामात मुंबईनं लीग शील्ड आणि चषक दोन्ही जिंकले, आणि आयएसएलमध्ये शंभर सामने खेळणारा पहिला खेळाडू हा मान मंदारला मिळाला. नंतर ईस्ट बंगाल आणि चेन्नईयिन. विंगर म्हणून अडून बसला असता तर ही वर्षं त्याला मिळाली असती असं मला वाटत नाही.

यात दुसरीही एक गोष्ट आहे. प्रशिक्षक क्लब बदलतो तेव्हा भरवशाचा खेळाडू बरोबर नेतो. नव्या गावात, नव्या भाषेत रुळायला वेळ लागतो, अशा वेळी आपला खेळ ओळखणारा माणूस तिथं असेल तर निम्मं ओझं कमी होतं. म्हणून फिरस्त्या खेळाडूची खरी शिदोरी म्हणजे त्याची वागणूक. सरावाला वेळेवर येणारा आणि बाकावर बसवलं तरी न धुमसणारा खेळाडू सगळ्यांना हवा असतो.

सही करण्याआधी

पालकांनी चार गोष्टी बघाव्यात. एक, कराराची प्रत घरी असावी आणि ती कळत्या माणसाकडून वाचून घ्यावी. पगार किती, कोणत्या तारखेला, दुखापत झाली तर उपचार कुणाच्या खर्चानं, हे कागदावरच हवं. तोंडी शब्दावर विसंबू नये. दोन, एजंट म्हणून येणाऱ्याकडे फिफाचा परवाना मागावा. परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते, तेव्हा खऱ्या एजंटला परवाना दाखवायला अडचण नसते. तीन, पगार थकला तर काय करायचं हे आधीच माहीत असावं. दोन महिन्यांचा पगार बेकायदा थकवला, लेखी नोटीस देऊन किमान पंधरा दिवसांची मुदत दिली आणि तरीही क्लबनं पैसे दिले नाहीत, तर फिफाच्या नियमांप्रमाणे खेळाडूला योग्य कारणानं करार मोडता येतो. बायचुंग भुतिया यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली खेळाडूंची संघटनाही अशा वेळी पाठीशी असते.

चौथी गोष्ट शाळेची. दहावी-बारावीची परीक्षा सरावासाठी सोडू नये. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी खेळाच्या प्रमाणपत्राबरोबर पदाला लागणारं शिक्षणही हवं. प्रशिक्षक व्हायचं तर महासंघाच्या डी परवान्यापासून एकेक पायरी चढावी लागते. स्टीव्हन डायस त्याच वाटेनं पुढे जमशेदपूरच्या प्रशिक्षकांत दाखल झाला.

पाच जर्सी बदललेल्या खेळाडूला पाच वेळा कुणीतरी पारखून घेतलं आहे. दर वेळी नवा प्रशिक्षक, नवं गाव आणि संघात जागेसाठी नवी झुंज, आणि त्या प्रत्येक झुंजीतून तो पुन्हा मैदानावर उतरला आहे. अशा खेळाडूबद्दल आपल्या मनात आदर असायला हवा. सास्तूरच्या एखाद्या मुलीनं किंवा मुलानं ही वाट धरली, तर त्याला किंवा तिला मोठ्या क्लबचं स्वप्न जरूर द्यावं. त्यासोबत ३१ मे ही तारीख, कराराची प्रत आणि शाळेचं दप्तर या तीन गोष्टीही हातात द्याव्यात. वेग अंगात किती वर्षं राहील ते कुणाच्या हाती नाही. या तिन्ही गोष्टी मात्र आपल्या हातातल्या आहेत.