गोळीसोबत चिठ्ठीही जपा

कामशेतला आमचं मेडिकल आहे. नाणे मावळातल्या आज्या पिशवीतून रिकाम्या पाकिटाचा कापलेला तुकडा काढतात आणि म्हणतात, "ह्याच दे गं पोरी." शनिवारी लोणावळ्याच्या बंगल्यांवर निघालेली पोरं गाडी चालूच ठेवून झोपेच्या गोळ्या मागतात. दोघांनाही मी आधी चिठ्ठी मागते. आज्या रागावतात, पोरं जादा पैसे पुढे करतात. चिठ्ठीची कटकट फक्त दुकानदाराला, असं बहुतेकांना वाटतं. ते खरं नाही.

रक्तदाबाची गोळी किंवा अँटिबायोटिक घरात आहे आणि चिठ्ठी हरवली, म्हणून स्वतःपुरतं औषध ठेवणाऱ्याला कोणी तुरुंगात टाकत नाही. 1940 चा औषध कायदा मुख्यतः बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला धरतो. विनापरवाना विकलं तर किमान 3 वर्षं कैद. मेफेंटरमाइनचं इंजेक्शन शस्त्रक्रियेत उतरलेला रक्तदाब वर आणायला असतं. पुणे-पिंपरीत ते व्यायामशाळेतल्या पोरांना विकणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले आहेत.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम आणि 2018 पासून ट्रामाडॉल यांची गोष्ट वेगळी. त्यांना 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे एनडीपीएस लागतो. मालेगावात 'कुत्ता गोळी' म्हणून पोलीस जी पकडतात, ती हीच अल्प्राझोलाम. कंपनीचं औषध आहे, पाकिटावर किंमत छापली आहे, असं सांगून सुटका होत नाही. अशा औषधाच्या पाकिटावर वरच्या डाव्या कोपऱ्यात लाल अक्षरांत 'एनआरएक्स' छापायचा नियम आहे. घरातली पाकिटं एकदा नीट बघाच.

आता वजनाचं बघू. गोळीत अल्प्राझोलाम जेमतेम अर्धा मिलिग्रॅम, बाकी सगळी भुकटी. पण 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की वजन भुकटीसकट धरायचं. एक गोळी 100 मिलिग्रॅमची धरली, तर 50 गोळ्यांतच 5 ग्रॅम भरतात. अल्प्राझोलामची 'अल्प मात्रा' तिथे संपते. तोवर शिक्षा वर्षभरापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. त्यापुढे 10 वर्षांपर्यंत. 100 ग्रॅमच्या वर गेलं की 10 ते 20 वर्षं.

आणि याच कायद्याच्या नियमांत रुग्णाला स्वतःच्या उपचारासाठी एका वेळी 100 मात्रांपर्यंत औषध बाळगायची मुभा आहे. दीर्घ आजारात डॉक्टरांनी तसं खास लिहून दिलं असेल, तर 300 पर्यंत. म्हणजे त्याच 50 गोळ्या एकाच्या खिशात औषध, दुसऱ्याच्या खिशात गुन्हा. शिवाय अशा मालाचं समाधानकारक कारण देण्याची जबाबदारी ज्याच्याकडे तो सापडला त्याच्यावर येते. तेव्हा उपयोगी पडते ती चिठ्ठीच. मार्च 2014 पासून या औषधांसाठी आम्ही वेगळी वही ठेवतो. रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव, किती गोळ्या दिल्या, सगळं त्यात लिहितो आणि ती 3 वर्षं जपतो. ही वही रुग्णाच्याही बाजूने बोलते. चिठ्ठीविना औषध देणारा दुकानदार गिऱ्हाइकावर उपकार करत नाही, त्याचा पुरावाच काढून घेतो.

ज्यांना त्या गोळीशिवाय आता राहवतच नाही, त्यांच्यासाठीही कायद्यात वाट आहे. व्यसनी माणूस आपणहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेला आणि ते पूर्ण केले, तर सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. येरवड्याचं मुक्तांगण 1986 पासून व्यसनमुक्तीचं काम करतं आहे. घरात असं कोणी असेल, तर पोलीस दारात येण्याआधी त्याला उपचाराला घेऊन जा.