दिलेला शब्द व रद्द झालेली ऑर्डर

बाजारांत जाऊन वस्तु घेण्याची रीत सर्वांस लहानपणापासून ठाऊक आहे. दुकानदार भाव सांगतो, आपण घासाघीस करतों, भाव ठरतो, आणि पैसे दिले कीं वस्तु पिशवींत पडते. हा सारा व्यवहार समोरासमोर व थोडक्या वेळांत होत असल्यामुळें त्यांत शब्द फिरविण्यास फारसा अवकाश रहात नाहीं. मोबाइलवरून चालणाऱ्या ऑनलाइन बाजारपेठेंत मात्र भाव आज ठरतो, पैसे आज जातात, आणि वस्तु चार दिवसांनीं येते. या चार दिवसांच्या अवधींत विक्रेत्याचें मन पालटलें तर ग्राहकास दोन ओळींचा निरोप येतो: "आपली ऑर्डर रद्द झाली आहे." अशा वेळीं काय करावें, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, एवढ्याच हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

हा विषय आम्हांस सुचला तो एका प्रसंगावरून. आमच्या शाळेंतील नववीच्या एका विद्यार्थ्याच्या आई घरीं शिवणकाम करून संसारास हातभार लावतात. त्यांचें जुनें शिलाई मशीन वारंवार बिघडे. दिवाळीपूर्वीं सणाच्या सवलतींत मोटारीचें मशीन ७,२०० रुपयांस मिळत आहे असें पाहून त्यांनीं भिशीचे पैसे उचलले व ऑर्डर दिली. तिसऱ्या दिवशीं विक्रेत्याचा फोन आला: "ताई, माल संपला आहे. तुम्हीच ऑर्डर रद्द करा, म्हणजे पैसे लवकर परत मिळतील." त्यांनीं भाबडेपणानें तसें केलें. दुसऱ्या दिवशीं मुलानें पाहिलें, तों तेंच मशीन त्याच विक्रेत्याकडे ८,९०० रुपयांस विक्रीस होतें. मायलेक आम्हांकडे आलीं. "सर, माल संपला होता, तर एका रात्रींत आला कोठून?" असें त्या बाईंनीं विचारिलें. त्यांस उत्तर देण्यासाठीं आम्हांसही बरेंच वाचावें लागलें. त्यांतून जें हातीं आलें तें येथें क्रमानें मांडतों.

प्रथम न्यायबुद्धीनें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ऑर्डर रद्द होणें म्हणजे प्रत्येक वेळीं लबाडीच असते असें नाहीं. शेवटचा एकच नग उरला असतां दोन गांवच्या दोन गिऱ्हाइकांनीं तो एकाच क्षणीं मागितला, तर एकास नकार मिळणारच. रवाना करण्यापूर्वीं माल फुटका निघाला, किंवा आपल्या पिनकोडवर तो पोंचविण्याची सोय नसली, तरीही विक्रेत्यास दोष देतां येत नाहीं. परंतु भाव वाढला म्हणून जुन्या भावाची ऑर्डर मोडणें. माल असतांना तो संपला म्हणून सांगणें. स्वस्त वस्तूची जाहिरात करून, ग्राहक आला कीं तीच वस्तु महाग करून पुढें ठेवणें. आणि स्वतः मोडलेली ऑर्डर ग्राहकाच्या नांवावर टाकणें, हे चार प्रकार उघड अन्यायाचे होत.

यांपैकीं चौथा प्रकार नीट समजून घेण्यासारखा आहे. ऑनलाइन बाजारपेठ चालविणारी कंपनी पुष्कळदां मालाची धनी नसते. आठवड्याच्या बाजाराची जागा एकाची असते व तेथें पाल ठोकून बसणारे व्यापारी निराळे असतात, तसाच हा प्रकार आहे. व्यापारी वारंवार शब्द मोडूं लागले तर बाजाराचेंच नांव खराब होतें. म्हणून कंपनी त्यांच्या वागणुकीचा हिशेब ठेविते. अ‍ॅमेझॉननें आपल्या विक्रेत्यांस अशी मर्यादा घातली आहे कीं, माल रवाना होण्यापूर्वीं विक्रेत्यानें रद्द केलेल्या ऑर्डरींचें प्रमाण शेंकडा अडीचच्या खालीं असलें पाहिजे. ती ओलांडल्यास त्याची विक्री बंद केली जाऊं शकते. ग्राहकानें स्वतः रद्द केलेली ऑर्डर मात्र या हिशेबांत धरीत नाहींत. तेव्हां "ताई, तुम्हीच रद्द करा" असा गोड फोन कां येतो, हें आतां वाचकांच्या ध्यानांत आलें असेल. विक्रेत्याच्या वहींतील डाग ग्राहकाच्या हातानें पुसून घेण्याची ही युक्ति आहे.

यावरून पहिला नियम असा निघतो कीं, विक्रेत्याच्या सांगण्यावरून आपण होऊन ऑर्डर कधींही रद्द करूं नये. "माल नसेल तर आपणच रद्द करा व कारण लेखी कळवा," एवढेंच शांतपणें सांगावें. विक्रेत्यानें ऑर्डर रद्द केली म्हणून आपले भरलेले पैसे बुडत नाहींत. ते त्यास परत करावेच लागतात.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. आपल्या देशांत ग्राहक संरक्षण कायदा १९८६ सालीं झाला. त्यास २४ डिसेंबर रोजीं राष्ट्रपतींची संमति मिळाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतात. त्याच्या जागीं २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० मध्यें अंमलांत आला. मोबाइलवरून वा संगणकावरून खरेदी करणाराही ग्राहकच होय, असें त्यांत स्पष्ट म्हटलें आहे. मात्र पुन्हां विकण्यासाठीं माल घेणारा व्यापारी या व्याख्येंत येत नाहीं. ज्या सवलतीच्या भावानें वस्तु विकण्याचा इरादाच नाहीं, त्या भावाची जाहिरात करणें हा या कायद्याप्रमाणें अनुचित व्यापारी प्रथेचा एक प्रकार आहे.

ऑनलाइन व्यापारापुरते स्वतंत्र नियमही जुलै २०२० मध्येंच निघाले. त्यांतील तीन गोष्टी प्रत्येक घरांत माहीत असाव्या. पहिली ही कीं, बाजारपेठेनें तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचें नांव व पत्ता प्रसिद्ध केला पाहिजे. त्यानें तक्रारीची पोंच ४८ तासांच्या आंत दिली पाहिजे व एका महिन्यांत तिचा निकाल लाविला पाहिजे. दुसरी ही कीं, विक्रेत्याचें नांव, पत्ता व संपर्काचा क्रमांक ग्राहकास दिसेल अशा रीतीनें दाखविला पाहिजे. तिसरी अशी कीं, कंपनी स्वतः एकतर्फी ऑर्डर रद्द करतांना तसाच दंड सोसत नसेल, तर ग्राहकानें ऑर्डर रद्द केल्याबद्दल त्याजकडून ती दंड घेऊं शकत नाहीं. जो नियम गिऱ्हाइकास, तोच दुकानदारास, हें यांतील तत्त्व होय. पुढें नोव्हेंबर २०२३ मध्यें सरकारनें ऑनलाइन व्यवहारांतील फसव्या युक्त्यांची एक यादी काढिली. स्वस्त वस्तूचें आमिष दाखवून ऐन वेळीं ती संपली म्हणणें व महाग वस्तु पुढें करणें, ही युक्ति त्या यादींत आहे.

तथापि कायदा आपल्या बाजूस आहे म्हणून ठरलेली वस्तु ठरलेल्या भावांत मिळालीच पाहिजे, असें मानूं नये. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें एकानें प्रस्ताव करावा व दुसऱ्यानें तो स्वीकारावा, तेव्हां करार होतो. दुकानांत मांडलेली वस्तु हा प्रस्ताव नसून प्रस्ताव करण्याचें आमंत्रण होय, असें न्यायालयें मानीत आलीं आहेत. कित्येक बाजारपेठा आपल्या अटींत लिहून ठेवितात कीं, माल रवाना झाल्यावरच करार पुरा होतो. या बारीक अक्षरांतील अटी वाचण्याची संवय आमच्या विद्यार्थ्यांनीं आतांपासून लावून घ्यावी. त्यामुळें पैसे परत मिळविणें सोपें, भावांतील फरक मिळविणें अवघड, आणि तीच वस्तु मिळविणें त्याहून अवघड, हा क्रम मनांत ठेवूनच तक्रारीस लागावें.

तक्रारीचा खरा आधार म्हणजे पुरावा. ऑर्डर दिल्याबरोबर तिचा क्रमांक, भाव, विक्रेत्याचें नांव व वस्तु येण्याची तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा. ऑर्डर रद्द झाल्याचा निरोप पुसूं नये. तीच वस्तु त्याच विक्रेत्याकडे वाढीव भावांत दिसली तर तारीख व वेळ दिसेल असा दुसरा स्क्रीनशॉट घ्यावा. फोनवरील बोलणें हवेंत विरून जातें. म्हणून विक्रेत्याशीं जें बोलावयाचें तें बाजारपेठेच्या ॲपमधूनच लिहून बोलावें.

पुरावा हातीं आल्यावर पुढील बेताचें पत्र तक्रार निवारण अधिकाऱ्यास पाठवावें:

"महाशय, अमुक क्रमांकाची ऑर्डर मीं अमुक तारखेस दिली व तिचे पैसे भरले. अमुक तारखेस माल शिल्लक नाहीं या कारणास्तव ती रद्द झाली. त्यानंतर तीच वस्तु त्याच विक्रेत्याकडे अधिक भावानें विक्रीस असल्याचा पुरावा सोबत जोडला आहे. तरी मूळ भावानें वस्तु द्यावी, अथवा भावांतील फरक द्यावा. तसेंच वापरलेलें कूपन व सवलत पूर्ववत् करावी. तक्रारीचा क्रमांक कळविण्याची कृपा व्हावी."

या पत्रांत एकही कठोर शब्द नाहीं, हें वाचकांनीं पाहिलेंच असेल. रागाचें पत्र लिहिणाराचें मन हलकें करतें. मुद्देसूद पत्र वाचणारास उत्तर देण्यास भाग पाडतें.

महिन्याभरांत समाधान न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. तेथें मराठींतही बोलतां येतें. त्यानेंही न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी. आपण राहतों त्याच जिल्ह्यांत अर्ज करतां येतो. पांच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस फी नाहीं, वकील केलाच पाहिजे असें नाहीं, आणि घरबसल्या ई-जागृति या सरकारी संकेतस्थळावरून अर्ज भरतां येतो. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत मात्र अर्ज केला पाहिजे.

येथें एक धोक्याची सूचना देणें अवश्य वाटतें. ऑर्डर रद्द झालेला माणूस पैशांच्या काळजींत असतो, आणि भामटे हीच वेळ साधतात. "रिफंड देतों, हा क्यूआर कोड स्कॅन करा" किंवा "ओटीपी सांगा" असें कोणी म्हणाल्यास तो चोर समजावा. पैसे घेण्यासाठीं यूपीआयचा पिन कधींही द्यावा लागत नाहीं. कंपनीचा फोन क्रमांक गूगलवर शोधूं नये. तो ॲपमध्येंच पहावा. फसगत झाल्यास क्षणाचाही विलंब न लावतां १९३० या क्रमांकावर कळवावें.

न्यायालयें अशा तंट्यांकडे कोणत्या दृष्टीनें पाहतात, हें दोन खटल्यांवरून समजेल. ओडिशांतील कायद्याच्या एका विद्यार्थ्यानें २०१४ सालीं २३,४९९ रुपयांचा लॅपटॉप १९० रुपयांस दिसला म्हणून ऑर्डर दिली. थोड्याच वेळांत ती रद्द झाली. त्यानें तक्रार केली आणि अखेर २०२१ सालीं राज्य ग्राहक आयोगानें त्यास एकंदर ४५,००० रुपये देण्याचा हुकूम केला. याच्या उलट सिंगापूरचा खटला आहे. २००३ सालीं तेथील एका संकेतस्थळावर ३,८५४ डॉलरचा प्रिंटर चुकून ६६ डॉलरास लागला. सहा मित्रांनीं मध्यरात्रीं एकमेकांस जागें करून १,६०६ प्रिंटरांच्या ऑर्डरी दिल्या. न्यायालयानें त्यांचा दावा फेटाळिला, कारण भाव चुकीचा आहे हें त्यांस कळत होतें. एकानें आपल्यापुरता एक नग मागितला. दुसऱ्यांनीं चूक ओळखून ती लुटूं पाहिली. न्याय मागणाराचे हातही स्वच्छ असावे लागतात, तो याचसाठीं.

आतां त्या शिलाई मशीनचें काय झालें तें सांगतों. बाईंनीं स्वतःच ऑर्डर रद्द केली असल्यामुळें कागदोपत्रीं दोष त्यांच्याकडे होता. परंतु मुलानें पहिल्या भावाचा व दुसऱ्या भावाचा असे दोन्ही स्क्रीनशॉट जपून ठेविले होते, आणि विक्रेत्याच्या फोनची नोंदही मोबाइलमध्यें होती. पत्र मुलानें लिहिलें. आम्हीं केवळ शुद्धलेखन तपासलें. दोन दिवसांत पोंच आली, आणि तीन आठवड्यांनीं भावांतील फरकाचे १,७०० रुपये जमा झाले. मशीन आलें तें दिवाळी होऊन गेल्यावर. सणाच्या कपड्यांचीं कामें तोंपर्यंत दुसऱ्यांकडे गेलीं होतीं, आणि त्यांची भरपाई कोणींच दिली नाहीं.

विक्रेत्याच्या हिशेबीं ती एक रद्द ऑर्डर होती. एका घराच्या हिशेबीं तो सबंध हंगाम होता. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकजण उद्यां अशाच बाजारपेठेंत स्वतःचें दुकान मांडतील. त्या वेळीं भाव चढला म्हणून जुनी ऑर्डर मोडण्याचा मोह होईल, तेव्हां त्यांनीं पडद्यावरील क्रमांकामागें असलेलें हें घर आठवावें. तोंपर्यंत ग्राहक या नात्यानें त्यांनीं पुरावा जपावा, पत्र सभ्यपणें लिहावें, आणि आपल्या हक्काचा रुपया लहान आहे म्हणून सोडून देऊं नये.