ओहोटीचा दुसरा रकाना

सहल ठरवणं हे आमच्या घरात माझं खातं. ऑफिसात सॉफ्टवेअरच्या रिलीजची वेळापत्रकं करून करून सवयच लागली आहे. कुठे जायचं ठरलं की आधी शीट तयार होते: गाडी, हॉटेल, जेवण, खर्च, कोणाची कुठली औषधं. नवरा चेष्टा करतो, पण प्रवासात चार्जर लागला की माझ्याकडेच येतो.

अशा चोख शीटनिशी आम्ही नाताळच्या सुट्टीत बडोद्याहून नराऱ्याला गेलो आणि गुडघाभर गढूळ पाणी बघून परत आलो.

नरारा म्हणजे जामनगरपासून साठेक किलोमीटरवर, वाडीनारजवळचा किनारा. कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा हा भाग. हे उद्यान १९८२ साली जाहीर झालं आणि ते देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. कर्कवृत्त कच्छमधून जातं आणि हे आखात त्याच्या किंचित खाली येतं, म्हणजे आपण उष्ण कटिबंधाच्या अगदी काठावर असतो. भारतातले सगळ्यात उत्तरेकडचे प्रवाळ इथे आहेत. ते बघायला पोहावं लागत नाही की ऑक्सिजनची नळकांडी पाठीवर बांधावी लागत नाहीत. ओहोटीला पाणी मागे सरतं, प्रवाळाचं पठार उघडं पडतं आणि आपण त्यावरून चालत जायचं. लहान मुलांना घेऊन जाण्यासारखी जागा. फक्त पाणी मागे सरायला हवं.

आमच्या वेळी ते सरलं नव्हतं. वाटाड्या भला माणूस होता. त्याने हिरमुसलेल्या माझ्या मुलाला दोन खेकडे आणि एक शंख दाखवला आणि म्हणाला, “आज पाणी ओछुं नथी थयुं, बेन.” मी फोन पुढे केला. ओहोटी दुपारी दीड वाजता, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं आणि आम्ही बरोबर वेळेवर उभे होतो. त्याने माझ्या फोनकडे पाहिलंही नाही, समुद्राकडे पाहिलं.

घरी आल्यावर आजीने पहिला प्रश्न विचारला, “त्या दिवशी तिथी कोणती होती?”

खरं म्हणजे हा प्रश्न तिने जायच्या आधीही विचारला होता. मला वाटलं, चतुर्थी-एकादशीचं काहीतरी असेल, उपासाचं. “आजी, सुट्टी बघून ठरवलंय, तिथी बघून नाही,” असं म्हणून मी विषय संपवला होता. आजी देवगडकडची. लग्न होऊन बडोद्याला आली त्याला साठ वर्षं होतील. तिचे वडील खाडीकाठी राहणारे, होडीतून जाणारे-येणारे. तिच्यासाठी तिथी हे पाण्याचं घड्याळ होतं, हे मला चौतिसाव्या वर्षी कळलं.

कालनिर्णय काढलं. नवमी होती. “मग भांग होता तो,” आजी म्हणाली. “अष्टमी-नवमीला पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. उधाण अमावास्या-पुनवेला.”

आणि मग तिने तो हिशेब सांगितला, जो कोकणातल्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. आलेला आकडा म्हणजे साधारण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. मी मनातल्या मनात ताडून पाहिलं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, हे विज्ञान सांगतं. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. तोंडी हिशेबाला याहून जवळचं काय असणार!

मग मी माझी चूक शोधायला बसले. भरती-ओहोटीच्या कोष्टकात दोन रकाने असतात. एक वेळेचा, दुसरा पाण्याच्या उंचीचा. मी फक्त पहिला वाचला होता. दुपारी दीडची ओहोटी किती सोयीची, आरामात नाश्ता करून निघता येईल, असं वाटलं होतं. दुसऱ्या रकान्यात ती ओहोटी दोन मीटरच्या आसपासच थांबत होती. पठार नीट उघडं पडायला पाणी एक मीटरच्या आत उतरलं तर बरं. सूर्य आणि चंद्र एका रेषेत आले की त्यांची ओढ एकत्र होते, तेव्हा भरती मोठी आणि ओहोटीही खोल. काटकोनात आले की दोन्ही मवाळ. शाळेत हे पाठ केलं होतं, आकृतीसुद्धा काढली होती. सहल ठरवताना मात्र आठवलं नाही.

गंमत अशी की ही दोन कोष्टकं एकमेकांना छेद देतात. ऐन पौर्णिमेला ओहोटी खोल, पण ती पहाटे आणि संध्याकाळी, उजेडाच्या कडेला. दुपारची सोयीची ओहोटी अष्टमी-नवमीची, तेव्हा पाणी हलत नाही. मधली जागा शोधायची तर पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीया बरी. ओहोटी पुरेशी खोल आणि वेळ सकाळी आठ-नऊची.

फेब्रुवारीत पौर्णिमेनंतरची तृतीया शनिवारी येत होती. शीट पुन्हा उघडली. या वेळी पहिली ओळ हॉटेलची नव्हती, पाण्याची होती. आजीच्या हिशेबाने भरती सव्वादोनला, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वाआठला. कोष्टक तासभर पुढची वेळ दाखवत होतं. आजीला सांगितलं तर ती म्हणाली, “आमचा हिशेब उघड्या समुद्राचा. तुझं ते आखात आहे, पाण्याला आत शिरायला वेळ लागणारच.” खरंच तसं आहे. ओख्याकडून आत जावं तसं पाणी उशिरा पोहोचतं आणि जास्त चढतं. म्हणून अंदाज तिथीवरून बांधायचा, पण वेळ आणि उंची त्या जागेच्या कोष्टकातूनच घ्यायची.

बाकीचं सगळं त्या एका वेळेवरून मागे मोजत गेले. नऊच्या सुमाराला ओहोटी, तर सातला पाण्याजवळ. म्हणजे जामनगरहून साडेपाचला निघायचं, आदल्या रात्री मुक्काम जामनगरला. बडोद्याहून ओख्याकडे जाणाऱ्या गाड्या जामनगरला थांबतात. आत जायला वन विभागाची परवानगी लागते, म्हणून सगळ्यांची ओळखपत्रं. बरोबर वाटाड्या हवाच. पायात जाड तळाचे, मागून बंद असलेले, भिजले तरी चालतील असे बूट, चपला नकोत. पिण्याचं पाणी, टोपी आणि कोरड्या कपड्यांचा जोड. हंगाम ऑक्टोबर ते मार्च. रविवारी सकाळी खिजडिया, जामनगरपासून बारा किलोमीटरवरचं पक्षी अभयारण्य. तिथे बांधाच्या एका अंगाला गोडं पाणी आणि दुसऱ्या अंगाला खारं, त्यामुळे दोन्ही प्रकारचे पक्षी एकाच फेरीत. मग दुपारनंतरची गाडी. दोन दिवस पुरतात.

आणि या वेळी आजी बरोबर होती. तिचे गुडघे पठारावर चालण्याजोगे नाहीत, हे तिलाही माहीत होतं. तिने घडीची खुर्ची मागितली. “मी काठावर बसते. पाणी वळलं की मला कळेल.”

एका बाजूला तेलशुद्धीकरण कारखान्याच्या चिमण्या, दुसऱ्या बाजूला चेरांची झाडी आणि समोर लांबवर मागे सरत चाललेलं पाणी. नाताळात जिथे आम्ही गुडघाभर पाण्यात उभे होतो, तिथून कितीतरी पुढे कोरड्या पायाने गेलो. डबक्यात गालिच्यासारखं पसरलेलं समुद्रफूल, दगडाखाली समुद्री काकडी, फुगा होऊन बसलेला पफर मासा. वाटाड्याने त्याला हात लावू दिला नाही. फुगणं ही त्याची भीती असते, खेळ नव्हे. मेंदूसारख्या वळ्या असलेला प्रवाळ पाहून मुलगा म्हणाला, “आई, हा दगड जिवंत आहे?” हो, आणि त्याची वाढ वर्षाला काही मिलिमीटरांची. आपला एक चुकीचा पाय म्हणजे त्याची कितीतरी वर्षं. म्हणून वाटाड्याच्या पावलावर पाऊल टाकायचं, वाळूवर आणि मोकळ्या खडकावर. घरी न्यायचे ते फक्त फोटो. प्रवाळाला तर कायद्याचंही संरक्षण आहे.

मग ऑक्टोपस दिसला. दगडाच्या रंगाचा होता आणि बघता बघता वाळूच्या रंगाचा झाला. आम्ही तिथेच रेंगाळलो. शीटमध्ये परतीची वेळ नऊ लिहिलेली होती आणि साडेनऊ कधी झाले कळलं नाही. वाटाड्याने हाक मारली, “बेन, पाणी आवे छे!” मी म्हटलं, आत्ता तर वळलंय, दोन मिनिटं. त्याने काठाकडे बोट दाखवलं. आजी उभी राहून छत्री हलवत होती.

परतताना येताना ओलांडलेला कोरडा ओहोळ माझ्या पोटरीपर्यंत आणि मुलाच्या गुडघ्यापर्यंत भरलेला होता. आम्ही हात धरून ओलांडला. भीतीचं काही घडलं नाही, पण पाणी मागूनही येतं हे मला तेव्हा कळलं. नंतर हिशेब केला. चढतं पाणी सारख्या वेगाने येत नाही. पहिल्या तासात उंचीचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन. चार मीटर चढायचं असेल तर तिसऱ्या एका तासात मीटरभर, आणि ते सपाट पठारावर. म्हणून ओहोटीची वेळ ही पोहोचण्याची नसते, परत फिरण्याची असते. दोन तास आधी उतरायचं आणि पाणी वळायच्या आत पाठ फिरवायची. शीटमधली ही ओळ मी आता लाल केली आहे.

आजीला विचारलं, तुला इतक्या लांबून कसं कळलं? तिने खुर्चीसमोरच्या ओळीतले तीन दगड दाखवले. तिसरा बुडाला तेव्हा ती उठली होती. घड्याळ तिच्या हातात नव्हतंच.

तुमच्याही घरात कोणी किनाऱ्याकडून आलेलं असेल, तर सुट्ट्यांची यादी उघडण्याआधी त्यांना विचारा. आमच्याकडे आता मुलगा रोज सकाळी कालनिर्णयासमोर उभा राहून तिथी वाचतो, तीनने गुणतो, चारने भागतो आणि ओरडून सांगतो, “पणजी, आज भरती किती वाजता?” बडोद्यात समुद्र नाही. तरी आजी आतून त्याचं उत्तर तपासते.