साठ फुलं, चार रुपये

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झेंडूचे हाल पाहवत नाहीत. आदल्या सकाळी दाराला, ट्रॅक्टरला, दुकानाच्या गल्ल्याला ज्याच्यावाचून चालत नव्हतं, ते फूल बाजाराच्या कडेला ढिगाने पडलेलं असतं. दुपारनंतर भाव कोसळतो आणि न खपलेला माल तिथेच ओतून शेतकरी रिकाम्या गाडीने गावाची वाट धरतो. बुलढाणा जिल्ह्यात मात्र एका गावात झेंडूचा दुसरा हंगाम दसऱ्यानंतरच उभा राहतो. ते गाव म्हणजे खामगाव. इथली मोठी देवी नवरात्रात बसत नाही, कोजागिरीला बसते. दैत्य मारून झाला, आता देवीचा राग निवावा, म्हणून हा शांती उत्सव, असं भाविक सांगतात. पुढचे अकरा दिवस गावाला दुसरं काही सुचत नाही. बाकीचा महाराष्ट्र नवरात्र आवरून दिवाळीच्या तयारीला लागलेला असताना इथे पुन्हा हार ओवले जातात, हे ऐकलं आणि ते ओवणारे हात पाहावेत म्हणून गेलो.

देवीपुढची गर्दी, रोषणाई, खेळण्यांची दुकानं हे सगळं कुणीही सांगेल. मी बसलो ते फुलांच्या एका दुकानामागे, पत्र्याखालच्या खोलीत. पाच-सहा बाया, मधोमध ओल्या पोत्यावर झेंडूचा ढीग, आणि नाकात जाऊन बसणारा त्याचा उग्र वास. मोगऱ्याचा वास आपल्याकडे चालत येतो. झेंडूचा तसा येत नाही, फूल चुरगळलं, खुडलं, टोचलं की मगच येतो. त्या खोलीत तो इतका दाट होता की डोळे चुरचुरत होते. त्या बायांना तो जाणवतही नव्हता.

सगळ्यांत वयस्कर मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांचीच सुई मी पाहत राहिलो. वीतभर लांब सुई, तिला दुहेरी दोरा. डाव्या हाताने न बघता फूल उचलायचं, अंगठ्याने देठाचा बुंधा चाचपायचा आणि सुई आरपार. सात-आठ फुलं सुईवर चढली की एका ओढीत ती दोऱ्यावर सरकवायची.

"सुई देठातून घाल्याची भाऊ, पाकळीतून नाही. पाकळीतून घातली का हार रातीच गळते."

मला त्यांनी एक सुई दिली. माझी फुलं तिरकी बसली. मावशींनी ती काही न बोलता उसवली आणि पुन्हा ओवली.

"एका हाराचे किती मिळतात?" मी विचारलं.

"साठ फुलं, चार रुपये."

पुढचं बोलणं कुठेही गेलं तरी हा आकडा परत येत राहिला. मुलगी नांदुऱ्याला दिली, तिच्या बाळंतपणाचा खर्च निघाला तो साठ फुलं, चार रुपयांतून. चष्मा लागला तोही त्यातूनच. आषाढात काम नसतं. गणपतीपासून सुरू होतं आणि दिवाळी झाली की पुन्हा कपाशी वेचायला वावरात जायचं. बोटांवरचा पिवळा-हिरवा डाग दाखवत त्या म्हणाल्या, "हे दिवाळीलोक काही जात नाही. स्वयंपाक करतानाबी भाकरीले वास येते."

खामगाव मुळात कापसाचं गाव. 1870 साली जलंबहून इथवर रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठीच. त्या कापसाशी झेंडूचं जुनं नातं आहे. कपाशीच्या, तुरीच्या, टोमॅटोच्या कडेने शेतकरी झेंडूची ओळ लावतात. बोंडअळीचा पतंग झेंडूवर अंडी घालायला येतो आणि मुख्य पीक बरंचसं वाचतं. झेंडूच्या मुळांमुळे जमिनीतल्या सूत्रकृमींनाही आळा बसतो. वावराच्या धुऱ्यावर राखणीला उभं असलेलं फूलच तोडून देवीला येतं. मला हे फार मोलाचं वाटतं. देवीला शोभेचं फूल वाहिलं जात नाही, कामकरी फूल वाहिलं जातं.

आणि हे फूल मूळचं इथलं नाही. ते मेक्सिकोचं. तिथले लोक आजही मृतांच्या सणाला, पितरांच्या वाटेवर त्याच्या पाकळ्या पसरतात. युरोपीय जहाजांतून ते समुद्र ओलांडून आलं आणि इथे असं रुजलं की त्याच्याशिवाय दसऱ्याची कल्पनाही कुणाला करवत नाही. 2024 साली दसरा 12 ऑक्टोबरला आला. त्याच तारखेला स्पेनमधल्या सारागोसा शहरात दरवर्षी पिलार मातेला, म्हणजे तिथल्या मेरीमातेला, फुलं वाहतात. ही प्रथा 1958 साली सुरू झाली. पारंपरिक पोशाखातले लोक तासन् तास रांगेत चालतात, आपापला गुच्छ आणून देतात आणि चौकातल्या उंच चौकटीवर त्या गुच्छांचा मातेसाठी विशाल शेला तयार होतो. तिथे फूल आणणारा माणूस सगळ्यांना दिसतो. त्याचे फोटो निघतात, त्याच्या पोशाखाचं कौतुक होतं.

खामगावात हार वाहणारा दिसतो. ओवणारी पत्र्याखाली असते.

दुकानदाराला मी दोष देणार नाही. त्याने फूल रात्री उचललेलं असतं, पाऊस आला तर काळं पडतं, उरलं तर फेकावं लागतं. पण त्याच हाराचे चाळीस रुपये सांगितल्यावर "तीसला द्या" म्हणून अडून बसलेला माणूस मी पाहिला. मोटारसायकल नवी होती, हार तिच्यासाठीच हवा होता. शेवटी तीसलाच दिला गेला. दहा रुपये, म्हणजे मावशींचे अडीच हार. दीडशे वेळा देठ चाचपून सुई घालणं.

मावशी स्वतः देवीला हार वाहत नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, "मह्या हातचेच त जातात न सारे." रात्री काम उरकलं की त्या रांगेत उभ्या राहतात, हात जोडतात आणि घरी येतात.

कोजागिरीनंतर खामगावला गेलात, शेगावचं दर्शन करून वाट वाकडी केलीत, तर मोठ्या देवीला जरूर जा. हार घ्या. फक्त त्याचा भाव पाडू नका, आणि मागच्या खोलीत कोण ओवतंय ते एकदा वाकून बघा.