काचेच्या टाकीतील मासे आणि त्यांचे पाणी

आदिलाबादहून गुडीहतनूर व इंद्रवेल्ली या मार्गाने उटनूरला येणाऱ्या बसमध्ये एखाद्या प्रवाशाच्या मांडीवर प्राणवायू भरलेली प्लास्टिकची पिशवी दिसते. पिशवीत चार-सहा सोनेरी मासे असतात. मुलांच्या हट्टापायी ते विकत घेतलेले असतात, आणि घरी पोहोचताच त्यांची रवानगी एका गोल काचेच्या भांड्यात होते. पहिला आठवडा कौतुकात जातो. मग दहाव्या-बाराव्या दिवशी एक मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करू लागतो, दुसऱ्या दिवशी तो उलटा तरंगतो, आणि महिनाअखेर भांडे माळ्यावर जाते. दोष दुकानदाराला दिला जातो, उन्हाळ्याला दिला जातो; दृष्ट लागली असेही म्हणणारे निघतात. दोष बहुधा पाण्याचा असतो, आणि तो डोळ्यांना न दिसणारा असल्यामुळेच त्याकडे दुर्लक्ष होते.

मासा पाण्यातच खातो, पाण्यातच श्वास घेतो आणि पाण्यातच उत्सर्जन करतो. त्याच्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर पडतो. उरलेले अन्न कुजूनही अमोनियाच होतो. नदीत तो क्षणार्धात वाहून जातो, टाकीत मात्र साठतो, आणि अगदी अल्प प्रमाणातही तो माशाचे कल्ले जाळतो. यावर निसर्गाचीच तोड आहे. एका जातीचे सूक्ष्म जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच, परंतु दुसऱ्या जातीचे जंतू त्याचे नायट्रेट करतात, व ते बेताच्या प्रमाणात माशांना सोसते. हे जंतू वाळूच्या कणांवर, काचेवर, गाळणीच्या स्पंजवर वस्ती करतात. नव्या टाकीत ही वस्ती उभी राहण्यास ४ ते ६ आठवडे लागतात. दुकानातून आणलेले मासे मरतात ते नेमके याच काळात.

येथे एक चूक फार घरांतून होते. नव्या टाकीचे पाणी पहिल्या आठवड्यात दुधाळ दिसू लागते. जंतूंची संख्या एकाएकी वाढल्यामुळे तसे होते व काही दिवसांत ते आपोआप निवळते. गृहिणीला किंवा गृहस्थाला मात्र ते अस्वच्छ वाटते. मग सारे पाणी ओतून टाकतात, वाळू साबणाने धुतात, काच चकचकीत पुसतात. स्वच्छतेच्या भरात सारी वस्ती धुऊन जाते आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. भांडी घासण्याचा न्याय टाकीला लागू पडत नाही. मुंबईत १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात मराठी कुटुंबांच्या कित्येक पिढ्यांनी काचेआडचा मासा प्रथम पाहिला. परंतु काचेमागचे पंप आणि गाळण्या प्रेक्षकांना दिसत नसत. घरच्या टाकीत तेच खाते स्वतःकडे घ्यावे लागते.

गोल भांडे मुळीच घेऊ नये. त्यात पाणी थोडे, हवेशी संबंध येणारा पृष्ठभागही थोडा, आणि ते तापतेही लवकर. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच अशी टाकी नवशिक्यास उत्तम. ती काठोकाठ भरली तर सुमारे ५४ लिटर पाणी मावते. वाळू व काच धरून वजन ७० किलोच्या पुढे जाते, म्हणून तकलादू टेबलावर ती ठेवू नये. टाकी घरीही करता येते. ५ मिलिमीटर जाडीच्या काचेचे पाच तुकडे कापून घ्यावेत : तळ ६० × ३०, पुढची व मागची बाजू प्रत्येकी ६० × ३०, आणि त्यांच्यामध्ये बसणाऱ्या दोन बाजू २९ × ३०. कडा दुकानातच घासून घ्याव्यात. जोडायच्या जागा स्पिरिटने पुसून सिलिकॉन लावावे. बुरशीनाशक मिसळलेले सिलिकॉन माशांना घातक असल्याने ते टाळावे. चिकटपट्टीने बाजू धरून ठेवून ४८ तास हात लावू नये. नंतर अंगणात पाणी भरून एक दिवस परीक्षा पाहावी, कारण बैठकीच्या खोलीत गळणारी टाकी सर्व उत्साहावर पाणी फिरवते. टाकीखाली थर्मोकोलचा ताव अंथरला म्हणजे टेबलाचा उंचसखलपणा काचेस बाधत नाही. खिडकीतील ऊन टाकीवर येता कामा नये. त्याने शेवाळ माजते.

तळाशी ५ सेंटिमीटर जाडीचा भरड वाळूचा थर पुरे. आदिलाबादच्या परिसरात काळा पाषाण आणि चुनखडी दोन्ही आढळतात, म्हणून वाळू व शोभेचे दगड आणताना एक साधी परीक्षा करावी. दगडावर लिंबाचा रस पिळावा. फेस आला तर त्यात चुना आहे, आणि तो पाण्याचा कठीणपणा वाढवीत राहील. वाळू साध्या पाण्याने, निवळी येईपर्यंत धुवावी.

पाणी विहिरीचे असो वा नळाचे, त्यात क्लोरिन आहे असे धरूनच चालावे. पावसाळ्यात विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली जाते, नळाचे पाणीही निर्जंतुक करूनच सोडले जाते. माणसाला जे रोगापासून वाचवते तेच टाकीतील उपयोगी जंतूंना मारते. पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात २४ तास उघडे ठेवावे, म्हणजे क्लोरिन उडून जातो. घाई असेल तर दुकानात मिळणारे हायपोचे खडे उपयोगी पडतात.

गाळणी स्वस्तातली, स्पंजची व हवेच्या पंपावर चालणारी घ्यावी. पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीहून उंच टांगावा. खाली ठेवला तर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलट येऊन पंपात शिरते. गाळणी सुरू झाल्यावर लगेच मासे सोडू नयेत. रोज चिमूटभर खाद्य रिकाम्या टाकीत टाकावे. ते कुजून जंतूंना पोसते. ओळखीच्या घरी जुनी निरोगी टाकी असेल, तर तिच्या स्पंजचे पिळलेले गढूळ पाणी आणून ओतणे हे सर्वांत चांगले विरजण होय. त्यानंतर दोन-तीनच मासे आणावेत, बाकीचे पंधरा दिवसांनी.

मासे कोणते, हा प्रश्न उटनूरच्या हवेकडे पाहून सोडवावा. सोनमासा दिसतो देखणा, परंतु तो मोठा होतो आणि पाणी फार घाण करतो. पट्ट्यापट्ट्यांचा झेब्रा मासा मूळचा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतला, काटक आणि कळपाने राहणारा; सहा झेब्रे एका टाकीत आनंदाने राहतात. गुरामी जातीच्या माशांना कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याचेही इंद्रिय असते, त्यामुळे उन्हाळ्यात ते तग धरतात. पिशवी घरी आल्यावर ती पंधरा-वीस मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, मग थोडेथोडे टाकीचे पाणी तीत घालावे, आणि मासे जाळीने उचलून सोडावेत. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

या भागात उन्हाळा हीच खरी कसोटी. २० अंशांवरील पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३५ अंशांवर तो ७ च्या आसपास येतो. त्याच वेळी उष्णतेने माशाची गरज वाढते आणि अमोनियाही अधिक जहाल होतो. एप्रिल-मे महिन्यांत काचेचे झाकण काढून त्याजागी जाळी लावावी, पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंख्याचा वारा सोडावा, टाकीच्या बाजूंना ओले कापड गुंडाळावे. माठ ज्या न्यायाने गार होतो त्याच न्यायाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. बर्फाचे खडे मात्र टाकू नयेत. वीज बराच वेळ गेली तर तांब्याने टाकीतलेच पाणी घेऊन हातभर उंचीवरून पुन्हा सोडत राहावे. हा उपाय खेडवळ वाटेल, पण त्याने मासे वाचतात. हिवाळ्याच्या रात्री आदिलाबाद जिल्ह्यात पारा १० अंशांच्याही खाली जातो. तेव्हा ५० वॅटचा थर्मोस्टॅट असलेला हीटर पुरतो. त्याची वायर खाली झोळ घेऊन मग प्लगकडे वर जाईल अशी ठेवावी, म्हणजे ओघळलेले पाणी प्लगपर्यंत पोहोचत नाही. टाकीत हात घालण्यापूर्वी बटण बंद करण्याचा नियम मुलांकडून कटाक्षाने पाळून घ्यावा.

खाद्य दिवसातून एकदा, आणि दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. चार दिवस परगावी जायचे असेल तर शेजाऱ्याच्या मुलाला खाद्याची डबी देऊन जाऊ नये. उपवासाने मासे मरत नाहीत. शेजाऱ्याच्या मायेने मरतात.

छंदाचा कंटाळा आला किंवा मासे फार झाले, तर ते ओढ्यात वा तळ्यात सोडणे हे पुण्यकर्म समजले जाते. तो समज मोडलाच पाहिजे. काच साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. तो आज उजनीच्या जलाशयात पसरला असून त्याच्या काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात. उटनूरच्या आसपासचे ओढे शेवटी गोदावरीलाच मिळतात, आणि कळपाने वाढणाऱ्या परक्या माशाला परत बोलावण्याचा उपाय कोणापाशी नाही. जादा मासे दुसऱ्या छंदिष्टाला द्यावेत किंवा दुकानदाराकडे परत करावेत.

आठवड्याचे काम अर्ध्या तासाचे आहे. नळीने वाळूवरची घाण ओढून घेत चौथा हिस्सा पाणी काढावे व तितकेच मुरवलेले पाणी घालावे. उन्हाळ्यात पाणी आटते म्हणून नुसती भर घालणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे, कारण वाफ उडून जाते आणि क्षार मागे राहतात. स्पंज महिन्यातून एकदा, याच काढलेल्या पाण्याच्या बादलीत पिळावा; नळाखाली कधीही धरू नये. बादलीतले ते पिवळट पाणी नायट्रेटमुळे झाडांना खतासारखे मानवते. ते परसातील वांग्या-मिरचीच्या आळ्यात ओतावे.