बहात्तरचा भागाकार

पोस्टात काउंटरशेजारी अल्पबचतीच्या व्याजदरांचा तक्ता लावलेला असतो. त्यात किसान विकास पत्राच्या ओळीत एक चमत्कारिक आकडा दिसतो : 115 महिने. व्याज साडेसात टक्के, आणि एवढ्या मुदतीत रक्कम दुप्पट. भाचीचा पहिला पगार झाला त्या आठवड्यात आम्ही दोघं त्या तक्त्यासमोर उभे होतो. तिनं विचारलं, "मामा, सरळ शंभर नाही, एकशेवीस नाही, हे 115 कुठून काढलं?"

मी तिला एका पावतीच्या पाठीवर 72 लिहायला लावलं आणि साडेसातनं भागायला सांगितलं. 9.6 आले. तेवढी वर्षं म्हणजे किती महिने? 115, वर किंचित. ती एकदा कागदाकडे बघे, एकदा तक्त्याकडे. हा भागाकार मी कितीदा केला असेल, पण उत्तर असं जुळलं की आजही अंगावर शहारा येतो.

युक्ती एवढीच : व्याजाच्या दरानं 72 ला भागा, पैसे दुप्पट व्हायला लागणारी वर्षं मिळतात. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञानं 1494 साली व्हेनिसला छापलेल्या आपल्या ग्रंथात ती दिली आहे. उलटीही चालते. 1988 साली किसान विकास पत्र आलं तेव्हा पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट होत. 72 ला साडेपाचनं भागा, त्या काळचा तेरा टक्क्यांच्या आसपासचा दर समोर उभा राहतो.

पण हे घडतं कसं, ते एकदा हातानं करून बघावं. दहा हजार रुपये, द.सा.द.शे. 8. पहिल्या वर्षाचं व्याज 800. दुसऱ्या वर्षी 864, कारण आता त्या 800 वरही व्याज लागलं. त्या वरच्या 64 रुपयांत सगळी जादू आहे. पुढे तिसऱ्या वर्षाअखेर रक्कम 12,597, मग 13,605, 14,693, 15,869, 17,138, 18,509 आणि नवव्या वर्षाअखेर 19,990. दुपटीला दहा रुपये कमी! एकट्या नवव्या वर्षाचं व्याज 1,481. सरळव्याजानं हेच पैसे 17,200 वर थांबले असते. व्याजाचं व्याज क्षणाक्षणाला धरलं तर खरा आकडा 69.3 येतो, पण वर्षातून एकदाच धरलं आणि दर आठच्या आसपास असला, तर 72 चपखल बसतो. शिवाय 2, 3, 4, 6, 8, 9, 12 यांनी भाग जातो, म्हणून तोंडी हिशेबाला सोपा.

व्याजाला लागणाऱ्या व्याजाचं गणित आपल्याकडे फार जुनं. 499 सालच्या 'आर्यभटीया'त त्याचं सूत्र आहे. भास्कराचार्यांच्या 1150 च्या 'लीलावती'तल्या उदाहरणांत दर महिन्याचा असतो, शेकडा पाच. आणि सावकाराला आवर घालायला धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता : एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाच्या पुढे जाऊ द्यायचं नाही. मुंबई इलाख्यात इंग्रजी अमलातल्या न्यायालयांनीही तो हिंदू ऋणकोंसाठी मानला. दुपटीची ही रेषा ज्यांनी आखली, त्यांनी चक्रवाढीचं बळ किती जवळून पाहिलं असेल!

दरमहाचा दर आजच्या तरुणांना भेटतो तो क्रेडिट कार्डाच्या बिलावर. थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्के हा काही दुर्मीळ दर नव्हे. 72 भागिले 3.5 म्हणजे वीस-एकवीस. पण ही वर्षं नव्हेत, महिने! पोस्टात दुपटीला साडेनऊ वर्षं, इथे पावणेदोनही पुरी नाहीत. 'मिनिमम ड्यू' भरला की विलंबशुल्क टळतं, उरलेल्या रकमेवरचं व्याज टळत नाही. म्हणून भाचीला मी आधी हा भागाकार करायला लावला आणि गुंतवणुकीचं नंतर काढलं. कार्डाची बाकी डोक्यावर असताना साडेसात टक्क्यांच्या मागे धावणं मला तरी पटत नाही.

महागाईलाही हाच नियम. रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य चार टक्क्यांचं. ते अगदी तंतोतंत पाळलं गेलं तरी अठरा वर्षांत भाव दुप्पट. बचत खात्यावर तीन टक्के धरले तर पैसे दुप्पट व्हायला चोवीस.

मग ती बोटं मोजायला लागली. सोयीसाठी आम्ही आठ टक्के कायम धरले, प्रत्यक्षात दर खालीवर होतात. आज तिचं वय बावीस. एकतिसाव्या वर्षी दहाचे वीस हजार, चाळिशीला चाळीस, एकोणपन्नासाव्या वर्षी ऐंशी, अठ्ठावन्नाव्या वर्षी एक लाख साठ हजार.

"आणि नऊ वर्षांनी सुरुवात केलीस तर कुठली दुप्पट हुकेल?"

"पहिली. दहाची वीस होते ती."

"मोजून बघ."

तिनं पुन्हा एकतिसापासून बोटं धरली. वीस, चाळीस, ऐंशी. तिसऱ्या बोटावरच अठ्ठावन्न आलं. चौथं बोट तिनं तसंच उभं ठेवलं आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"मामा, ही शेवटची गेली. ऐंशीची एक लाख साठ."

एवढ्यात आमचा नंबर आला. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवत विचारलं, "आधार-पॅनची झेरॉक्स आणलीय ना?"