छायाचित्रकार आणि मोतीबिंदू

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आता काही मिनिटांत आटोपते. तरीही छायाचित्रणाचा मनापासून छंद जोपासणाऱ्यास तिची धास्ती वाटते, आणि ती अगदीच अनाठायी नाही. कॅमेऱ्याची भिंगे हवी तेव्हा बदलता येतात; डोळ्यात बसविलेले भिंग सहसा जन्मभराचे असते.

डोळ्यातील नैसर्गिक भिंग वयानुसार गढूळ होते, तसेच पिवळेही पडते आणि निळा प्रकाश अडवू लागते. हा बदल इतका संथ असतो, की मेंदू त्याला सरावतो. धूसरपणा ऑटोफोकस झाकून नेतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्या मोतीबिंदूचे निदान १९१२ मध्ये झाले. शस्त्रक्रिया त्यांनी १९२३ पर्यंत लांबविली. मधल्या काळातील त्यांच्या अनेक चित्रांत तांबूस-तपकिरी छटा दाटलेल्या दिसतात. शस्त्रक्रियेनंतर रंगच पालटले आणि त्यांना रंगीत काचांचे चष्मे वापरून पाहावे लागले. काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरे बसविण्याची तेव्हा सोय नव्हती. पहिले कृत्रिम भिंग लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडले यांनी बसविले ते १९४९ मध्ये.

आजचा पेच निवडीचा आहे. एककेंद्री भिंगातून एकाच अंतरावरचे, बहुधा दूरचे, स्वच्छ दिसते. बहुकेंद्री भिंग प्रकाश निरनिराळ्या अंतरांसाठी वाटून देते. चष्मा बराचसा सुटतो. पण छायाप्रकाशातील सूक्ष्म भेद काहीसे फिके पडतात आणि रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. गणेशोत्सवाची रोषणाई टिपणाऱ्यास हा सौदा महागात पडू शकतो. काहींच्या बाबतीत एक डोळा दूरसाठी, तर दुसरा जवळसाठी ठेवला जातो. अशा वेळी व्ह्यूफाइंडरला कोणता डोळा लावला जातो, हे नेत्रतज्ज्ञास आधीच सांगणे अगत्याचे; विचारल्याशिवाय त्यांना ते कसे कळावे? एककेंद्री भिंग घेणाऱ्याने फार चिंता करू नये. व्ह्यूफाइंडरशेजारच्या लहानशा चक्रीने प्रतिमा आपल्या नजरेस जुळवून घेता येते. कॅमेऱ्यामागचा पडदा पाहण्यास मात्र बहुधा वाचनाचा चष्मा लागतो.

मोतीबिंदू 'पिकू' द्यावा, हा जुना समज आता सोडून द्यायला हरकत नाही. फार पिकलेला मोतीबिंदू काढणे उलट अवघड जाते.

खरी गंमत असते ती दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या दिवसांत. एकच पांढरी भिंत एका डोळ्याला शुभ्र, किंचित निळसर दिसते, तर दुसऱ्याला चहाचा डाग पडल्यासारखी. या काळात संगणकावर छायाचित्रांचे रंग सुधारण्याचा मोह टाळावा. पूर्वी 'नेमके' जुळविलेले रंगही नव्या नजरेला चुकीचे भासू शकतात; म्हणून मूळ फाइल जपून ठेवलेली बरी. जड बॅग, धूळ आणि डोळ्यावर दाबून धरलेला कॅमेरा यांपासून किती दिवस दूर राहायचे, ते डॉक्टर सांगतील.

काही महिन्यांनी वा वर्षांनी दृष्टी पुन्हा धूसर झालीच, तर बहुधा कृत्रिम भिंगामागचा पातळ पापुद्रा गढूळलेला असतो. लेझरने त्यात छिद्र पाडून वाट मोकळी करता येते. भिंग बदलावे लागत नाही.